दहा मैलांचे वैर

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम आणि चॅपल हिल ही दोन गावे एकमेकांपासून साधारण दहा मैलांवर आहेत. डरहॅममध्ये ड्यूक विद्यापीठ आहे आणि चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. दोघांना जोडणारा १५-५०१ हा महामार्ग गर्दी नसेल तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. दर हिवाळ्यात या दोन विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ निदान दोनदा भेटतात, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या. त्या दोन रात्री एका गावचे पाठीराखे दुसऱ्या गावाकडे निघतात. ड्यूकचा निळा गडद, नॉर्थ कॅरोलिनाचा आकाशी. दोघांच्या निळ्यातला हा फरक त्या भागातल्या शाळकरी पोरालाही अर्ध्या मैलावरून कळतो.

प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन सामना पाहणे ही वरवर साधी हौस वाटते. पण अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधली जी वैरे तीन-तीन पिढ्या टिकली, ती या प्रवासावर टिकली आहेत. संध्याकाळी निघावे, सामना पाहावा आणि हरलो तरी रात्री आपल्याच अंथरुणावर येऊन पडावे, इतक्या अंतरावर दुसरा संघ असावा लागतो. आणि त्याच्या दारातून आत जाता यावे लागते. वैराच्या या दोन अटी आहेत. पहिली अट दूरचित्रवाणीचा पैसा मोडतो आहे आणि दुसरी तिकिटांचा व्यवहार. दोन्ही मोडल्या की उरते ते फक्त प्रक्षेपण. त्याला वैर म्हणणे सवयीचा भाग आहे.

दोन्ही संघांचा पहिला सामना २४ जानेवारी १९२० रोजी चॅपल हिलला झाला आणि नॉर्थ कॅरोलिनाने तो ३६–२५ असा जिंकला. समोरच्या कॉलेजचे नाव तेव्हा ट्रिनिटी होते. तंबाखू आणि वीज या धंद्यांत गबर झालेल्या जेम्स ड्यूकच्या देणगीतून १९२४ मध्ये त्याचे ड्यूक विद्यापीठ झाले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ त्याच्या कितीतरी आधीचे. त्याचे वर्ग १७९५ पासून भरत आले आहेत. ते राज्याच्या पैशावर चालते आणि नियमाप्रमाणे त्याच्या पहिल्या वर्षातले निदान ८२ टक्के विद्यार्थी राज्यातलेच असावे लागतात. ड्यूक खाजगी आणि महागडे आहे, आणि त्याचे बरेच विद्यार्थी ईशान्येकडच्या राज्यांतून येतात. त्यामुळे आकाशी निळ्याचे पाठीराखे राज्यभर खेडोपाडी विखुरलेले असतात, तर ड्यूक स्वतःच्याच राज्यात काहीसे परके राहते. दहा मैलांच्या अंतरात हा वर्गभेदही मावला आहे. त्या रस्त्याने जाणारा पाठीराखा खेळाबरोबर एक सामाजिक तक्रारही सोबत नेतो, मग तो ती बोलून दाखवो वा न दाखवो.

या प्रदेशाला बास्केटबॉलचे खरे वेड मात्र या दोघांपैकी कोणीच लावले नाही. ते लावले तिसऱ्याने, रॅली शहरातल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने आणि तिथे १९४६ मध्ये आलेल्या एव्हरेट केस या प्रशिक्षकाने. केस इंडियाना राज्याचा. फ्रँकफर्ट गावच्या शाळेला त्याने चार वेळा राज्य अजिंक्यपद मिळवून दिले होते. इंडियानात लहान लहान गावांनी आपल्या वस्तीला न शोभतील एवढी मोठी बंदिस्त मैदाने बांधली आहेत. न्यू कॅसल गावच्या शाळेचे मैदान आठ हजारांहून अधिक माणसे सामावते. एवढ्या जागा कशासाठी, याचे उत्तर प्रवासात आहे. ज्या गावात मोठे मैदान त्या गावाला स्पर्धेचे यजमानपद, आणि यजमानपद म्हणजे शेजारच्या पाच-सहा गावांच्या मोटारींची रांग. शेजारच्या गावाने आपल्या घरी येऊन हरावे, हे सुख विकत घ्यायला इंडियानाने विटा आणि लाकूड खर्च केले. १९५४ मध्ये मायलन या जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या गावाने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२–३० असे हरवून राज्यपद जिंकले, तेव्हा परतीच्या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागली तिच्या आठवणी तिकडे आजही सांगितल्या जातात.

केसने हे सगळे नॉर्थ कॅरोलिनात आणले. विजयानंतर शिडीवर चढून बास्केटची जाळी कापून घ्यायची रीत अमेरिकी महाविद्यालयांत रूढ केली तीही त्यानेच, असे मानले जाते. १९४९ मध्ये रॅलीत रेनॉल्ड्स कॉलिसियम उघडले, बारा हजारांवर आसनांचे. त्याच वर्षापासून तिथे डिक्सी क्लासिक ही वर्षअखेरची स्पर्धा सुरू झाली. राज्यातली चार विद्यापीठे एका बाजूला आणि देशभरातून बोलावलेले चार पाहुणे दुसऱ्या बाजूला, असा तिचा घाट होता. सट्टेबाजांशी संगनमत करून गुणांचा फरक कमी ठेवण्याचे प्रकरण १९६१ मध्ये बाहेर आले आणि ती बंद पडली. तोवर शेजाऱ्यांना चुरस लागली होती. केसची बरोबरी करायची म्हणून चॅपल हिलने न्यूयॉर्कहून फ्रँक मॅग्वायर हा प्रशिक्षक आणला आणि १९५७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. केस १९६६ मध्ये वारला. रॅलीबाहेरच्या दफनभूमीत त्याची कबर डरहॅमकडे जाणाऱ्या महामार्गाच्या बाजूला तोंड करून आहे. आपला संघ ड्यूकशी खेळायला निघाला की त्याला हात करता यावा म्हणून ही जागा त्याने स्वतःच निवडली, असे रॅलीत सांगतात.

आता प्रश्न असा की, परक्या मैदानावर जाऊन पाहण्यासारखे वेगळे असते तरी काय? क्रिकेटमध्ये यजमान संघ खेळपट्टी आपल्याला हवी तशी बनवतो. चेन्नईत चेंडू वळतो, पर्थमध्ये उसळतो. बास्केटबॉलमध्ये अशी सोय नाही. महाविद्यालयीन मैदान सगळीकडे ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, बास्केटची कडी जमिनीपासून १० फूट उंच. वारा नाही, दव नाही, ऊन नाही. तरीही घरच्या संघाला मिळणारा फायदा मोठ्या सांघिक खेळांमध्ये बास्केटबॉललाच सर्वांत अधिक, असे अभ्यासक सांगत आले आहेत. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये कित्येक दशके दर दहा सामन्यांत साधारण सहा यजमानांनी जिंकले. महाविद्यालयांचा आकडा याहून मोठा दिसतो, पण तो फसवा आहे. श्रीमंत विद्यापीठे मोसमाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठांना रोख पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात, आणि पाहुणे बहुधा हरून, धनादेश घेऊन परत जातात. तो फायदा घराचा नसतो, खिशाचा असतो.

खऱ्या फायद्याचे कारण काय, यावर बरेच मंथन झाले आहे. बॅरी श्वार्ट्झ आणि स्टीफन बार्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हा विषय पहिल्यांदा नीट हाताळला आणि प्रवासाच्या थकव्यापेक्षा प्रेक्षकांच्या पाठिंब्याला अधिक वजन दिले. १५-५०१ चा विचार केला तर ते पटते. पंचवीस मिनिटे बसमध्ये बसून कोणी थकत नाही. मग प्रेक्षक नेमके काय करतात? लोकांची समजूत अशी की, ते खेळाडूचे लक्ष उडवतात. बास्केटच्या मागे उभे राहून हात हलवणारी, फलक नाचवणारी पोरे त्यासाठीच तर असतात. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ पासून तिथे चक्क पडदा लावायला सुरुवात केली. पाहुण्या खेळाडूने फ्री थ्रोसाठी, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या मोफत फेकीसाठी, चेंडू हातात घेतला की पडदा उघडतो आणि आत काहीतरी विचित्र सोंग दिसते. जानेवारी २०१६ मध्ये त्या पडद्यामागून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदके घालून जलतरणपटू मायकेल फेल्प्स बाहेर आला आणि समोरच्या ओरेगन स्टेटच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो चुकले.

किस्सा झकास आहे, पण पुरावा म्हणून दुबळा आहे. एनबीएच्या अनेक मोसमांची आकडेवारी तपासून टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ च्या ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात दाखवले की, फ्री थ्रोची अचूकता घरी आणि परक्या मैदानावर जवळजवळ सारखीच असते. खेळाडू गोंगाटाला सरावलेला असतो. गोंगाट काम करतो तो पंचावर. शॉट घेण्याची मुदत संपली की घड्याळ वाजते. तिथे मत द्यायला जागा नाही, म्हणून यजमान-पाहुणा असा भेदही उरत नाही. मात्र चेंडू हातात घेऊन पाऊल जास्त पडले का, धडक कोणी कोणाला दिली, अशा पंचाच्या नजरेवर सोडलेल्या निर्णयांत माप हळूच यजमानाकडे झुकते. याला लाचलुचपत म्हणता येणार नाही. क्षणार्धात, अर्धवट पाहिलेल्या घटनेवर निर्णय द्यायचा असतो तेव्हा वीस हजार माणसांची आरोळी हीदेखील पंचाला एक साक्ष वाटते. या दोघांनी सारा फायदा पंचांच्या खाती टाकला हे जरा जास्तच झाले. पण मुद्द्याचा गाभा नाकारणे अवघड आहे.

हे मान्य केले की पाहुण्या प्रेक्षकाची जागाही कळते. साक्ष एकतर्फी असू नये म्हणून दुसऱ्या बाजूचे कोणीतरी तिथे हवे. शंभर-दोनशे आकाशी सदरे नऊ हजारांच्या गोंगाटाला पुरे पडणार नाहीत, हे उघड आहे. तरी पाहुण्या खेळाडूने बाजी मारली की भरलेल्या मैदानाच्या शांततेत एका कोपऱ्यातून टाळ्या येतात, आणि त्या टाळ्यांनी पंच, यजमान आणि खेळाडू या तिघांनाही समजते की पाहणारे दोन प्रकारचे आहेत.

करोनाच्या साथीने प्रेक्षकच काढून टाकले तेव्हा या सगळ्याची आपसूक परीक्षा झाली. २०२०-२१ च्या एनबीए मोसमात बहुतेक मैदाने रिकामी किंवा अर्धी रिकामी होती आणि यजमानांच्या विजयाचे प्रमाण घसरून ५४ टक्क्यांच्या आसपास आले. ड्यूकच्या मैदानात त्या हिवाळ्यात प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी नॉर्थ कॅरोलिनाने तिथे ९१–८७ असा विजय मिळवला. एका सामन्यावरून सिद्धांत काढू नये हे खरे, कारण पुढच्याच वर्षी खच्चून भरलेल्या त्याच मैदानात नॉर्थ कॅरोलिना पुन्हा जिंकले. नॉर्थ कॅरोलिनाचा खेळाडू टायलर हॅन्सब्रो तर २००६ ते २००९ या चारही वर्षांत तिथे न हरता परतला. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांचा सहकारी अँड्रू स्टाइनहिल्बर यांनी १९८४ मध्ये असे मांडले होते की, निर्णायक सामन्यात घरच्यांच्या अपेक्षेचे ओझे यजमानालाच दाबून टाकते. त्यावर पुढे बरेच आक्षेप आले. पण परक्या मैदानावर जाणारा पाठीराखा मनात धरून असतो ती आशा नेमकी हीच असते.

दोन्ही मैदाने पाहुण्याशी वेगवेगळी वागतात. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम ६ जानेवारी १९४० रोजी उघडले. दगडी भिंतींचे, आतून लाकडी, आणि आजच्या मानाने लहान, आसने ९,३१४. एडी कॅमेरॉन या प्रशिक्षकाचे नाव त्याला १९७२ मध्ये दिले गेले, आणि त्या दिवशीही समोर नॉर्थ कॅरोलिनाच होते, जे हरले. इथे मैदानालगतच्या बाकांवर विद्यार्थी उभे असतात, अंगाला निळा रंग फासून, खेळाडूच्या कोपरापासून हातभर अंतरावर. देणगीदार त्यांच्या वरच्या रांगांत बसतात. या जागांसाठी विद्यार्थी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. १९८६ मध्ये काही जणांनी सुरू केलेल्या या वस्तीला माइक शिशेव्हस्की या प्रशिक्षकाच्या नावावरून शिशेव्हस्कीव्हिल म्हणतात, आणि तिचे नियम विद्यार्थी स्वतःच छापतात. तंबूत किती जण, रात्री किती जणांनी हजर राहायचे, हजेरी चुकली तर काय, हे सगळे लेखी असते. पाहुण्याला इथे जागा मिळाली तर ती वरच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, चहूकडून गडद निळ्याने वेढलेली.

चॅपल हिलचे डीन स्मिथ सेंटर याच्या अगदी उलट. १८ जानेवारी १९८६ रोजी ते ड्यूकविरुद्धच्याच सामन्याने उघडले आणि यजमान ९५–९२ ने जिंकले. आसने एकवीस हजारांवर. खाजगी देणग्यांतून बांधल्यामुळे मैदानालगतच्या उत्तम जागा देणगीदारांना गेल्या, आणि विद्यार्थी बऱ्याच काळपर्यंत मागे राहिले. फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसेल १९९१ मध्ये इथे जिंकून गेला तेव्हा त्याने या प्रेक्षकांची संभावना वाइन पीत चीज खाणारी मंडळी अशी केली. तो शेरा चॅपल हिलला इतका झोंबला की पुढे विद्यार्थ्यांसाठी खालच्या जागा मोकळ्या कराव्या लागल्या. मैदान मोठे असल्याने पाहुण्याला इथे शिरकाव सोपा असतो. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट घालून ८५–८४ असा सामना नेला, तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानाची बोलतीच बंद झाली. शत्रूच्या घरातली ती शांतता ऐकण्यासाठीच तर माणसे गाडी काढतात. जिंकल्यावर चॅपल हिलचे विद्यार्थी फ्रँकलिन स्ट्रीटवर लोटतात आणि ड्यूकचे विद्यार्थी आपल्या आवारातली लाकडी बाके जाळतात. दोन्ही ठिकाणी पाहुणा तोवर महामार्गाला लागलेला बरा.

असे असले तरी या वैरात द्वेषाची मात्रा बोलण्यात असते तेवढी व्यवहारात नसते. दोन्ही विद्यापीठांचे पदवीधर एकाच रुग्णालयात, एकाच प्रयोगशाळेत, पुष्कळदा एकाच घरात असतात. १९५९ मध्ये डरहॅम, चॅपल हिल आणि रॅलीच्या मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन-वसाहत स्थापन झाली आणि तिच्याभोवती केरी, मॉरिसव्हिलसारखी उपनगरे वाढली. तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांत मराठी घरेही आहेत, आणि त्या घरांतल्या मुलांनाही शाळेत पहिला प्रश्न कोणता निळा हाच येतो. ज्युलियन रॉबर्टसन या गुंतवणूकदाराचा एक मुलगा ड्यूकला होता आणि दुसरा नॉर्थ कॅरोलिनाला. २००० मध्ये त्याने दिलेल्या देणगीतून दोन्ही विद्यापीठांची संयुक्त शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचे विद्यार्थी एक सत्र दुसऱ्याच्या आवारात राहतात, आणि दोन्ही आवारांना जोडणारी मोफत बसही त्यातूनच आली. वैर जोपासायचे तर ये-जा हवी, हे त्या देणगीदाराने ओळखले होते की नाही कोण जाणे; बस मात्र त्या कामी आली.

दाराची अट मोडली की काय होते, याचा सर्वांत कठोर दाखला याच डरहॅममध्ये आहे. १९४० च्या दशकात गावात आणखी एक उत्तम संघ होता. नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर नीग्रोज या संस्थेचा, म्हणजे आजच्या नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठाचा. त्याचा प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन. कॅन्ससला खुद्द जेम्स नेस्मिथकडून, म्हणजे १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधणाऱ्या माणसाकडून, तो हा खेळ शिकला होता. पण कृष्णवर्णीय म्हणून तिथल्या संघात त्याला जागा नव्हती. चेंडू मिळताच सगळ्यांनी पुढे धावायचे, ही वेगवान शैली त्याने घडवली. ड्यूक त्याच्या मैदानापासून तीन-चार मैलांवर होते, आणि तिथले नवेकोरे इनडोअर स्टेडियम ज्युलियन एबेल या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने रेखाटले होते. पण कृष्णवर्णीय संघाला तिथे खेळता येत नव्हते, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर ड्यूकने १९६१ पर्यंत प्रवेशच दिला नाही.

१२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, ड्यूकच्या वैद्यकीय शाळेचा संघ मॅकलेंडनच्या मैदानाकडे निघाला. त्यात इतरत्र महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळून आलेले कसलेले खेळाडू होते. वेळ मुद्दाम निवडली होती. गावातली बहुतेक माणसे, पोलिससुद्धा, त्या वेळी चर्चमध्ये असत. मागून आणलेल्या मोटारी, उलटेसुलटे रस्ते, ओळख लपवायला डोक्यावरून ओढलेले कोट, अशा थाटात ते पोहोचले. दारे आतून बंद झाली. पंच होता, घड्याळ होते, प्रेक्षक नव्हते. कॉलेजची काही पोरे सुगावा लागल्यामुळे खिडक्यांना लटकून पाहत होती. मॅकलेंडनचा संघ ८८–४४ ने जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांनी खेळाडू आपसांत मिसळले आणि आणखी एक सामना खेळला, आणि कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा होता. बातमी छापली गेली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये ती उजेडात आणेपर्यंत बहुतेकांना तिचा पत्ता नव्हता. लपवण्याचे कारण भित्रेपणा नव्हते. त्याच वर्षी जुलैत डरहॅममध्ये एका कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेवरून झालेल्या वादात बसचालकाने गोळ्या घालून ठार केले, आणि खटल्यात चालक निर्दोष सुटला.

त्या तीन-चार मैलांच्या प्रवासाला आज शौर्यकथेचे रूप आले आहे, आणि ते त्याला शोभतेही. पण त्यातली उणीव विसरू नये. खिडक्यांना लटकलेली पोरे सोडली तर तो सामना कोणी पाहिला नाही, म्हणून त्यातून वैर जन्मले नाही. पुढच्या वर्षी परतीचा सामना नाही, गावात चर्चा नाही, हरलेल्याला चिडवणे नाही. दोन उत्तम संघ गावाच्या दोन टोकांना असून एकमेकांचे प्रतिस्पर्धी होऊ शकले नाहीत, कारण एकाच्या पाठीराख्यांना दुसऱ्याच्या दारातून आत जाण्याची मुभा नव्हती. अंतराची अट पुरी होती, दाराची नव्हती. चॅपल हिलमध्येही चार्ली स्कॉट हा शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू १९६६ मध्ये दाखल झाला. ‘दोन निळ्यांचे’ जुने सामने हळव्या सुरात आठवणाऱ्यांनी त्या आठवणींत कोणाला जागाच नव्हती हेही आठवावे.

अंतराची अट अलीकडे मोडू लागली. अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स हा क्रीडागट १९५३ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्यात मेरिलँडपासून साउथ कॅरोलिनापर्यंतची विद्यापीठे होती. त्यातले बहुतेक सामने गाडीने गाठता येत. गटाचे उत्पन्न दूरचित्रवाणीच्या करारांवर ठरू लागले तसा नकाशा पैशाने आखला जाऊ लागला. मेरिलँड २०१४ मध्ये बिग टेन या गटात गेले आणि ड्यूक–मेरिलँड हे कडवट वैर जवळजवळ एका रात्रीत थंडावले. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ या गटात आले, म्हणजे अ‍ॅटलांटिक किनाऱ्याच्या नावाचा गट पॅसिफिकला जाऊन पोहोचला. डरहॅमच्या विद्यार्थ्याने तिथला सामना पाहायचा तर विमान, हॉटेल आणि दोन दिवसांची रजा हवी. त्या सामन्याला दर्जा असेल, चुरसही असेल. तरी शाळेपासून ज्याला चिडवत आलो तो शेजारी तिथे कोठून आणणार?

कॅन्सस आणि मिझुरी या विद्यापीठांचे उदाहरण याहून बोलके आहे. लॉरेन्स आणि कोलंबिया या दोन गावांमधला रस्ता अडीच-तीन तासांचा. वैराची मुळे यादवी युद्धात आहेत. १८६३ मध्ये मिझुरीच्या बाजूने आलेल्या टोळीने लॉरेन्स जाळले होते. शंभरांहून अधिक वर्षे चाललेले हे सामने २०१२ मध्ये मिझुरीने गट बदलताच थांबले. गावे तिथेच होती, रस्ताही तिथेच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉरेन्सच्या अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा कॅन्ससने १०२–६५ असा धुव्वा उडवला. मैदान भरले होते आणि आरोळ्याही जुन्या होत्या, पण मधल्या काळात एक अख्खी विद्यार्थी-पिढी त्या रस्त्यावरून एकदाही न जाता पदवी घेऊन गेली.

दाराचा प्रश्न अमेरिकेत बंदीमुळे येत नाही, भावामुळे येतो. ग्रीसमध्ये पानाथिनाइकोस आणि ऑलिम्पियाकोस यांच्या देशांतर्गत सामन्यांना पाहुण्या संघाचे पाठीराखे येऊ देत नाहीत. हाणामाऱ्यांचा इतिहास पाहता तिथल्या प्रशासनाला दोष देणे सोपे नाही. अमेरिकी महाविद्यालयांत पाहुण्यांसाठी जाळी लावलेला वेगळा विभागही नसतो. संघाच्या कुटुंबीयांना आणि पदाधिकाऱ्यांना थोडी तिकिटे मिळतात, बाकीच्यांनी बाजारातून घ्यायची. २० फेब्रुवारी २०१९ च्या कॅमेरॉनमधल्या सामन्याला, जिथे पहिल्याच मिनिटात ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट फाटला, पुनर्विक्रीच्या तिकिटांनी हजारो डॉलर गाठले. ५ मार्च २०२२ ला, शिशेव्हस्कीच्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला, भाव त्याहूनही वर गेले. नॉर्थ कॅरोलिनाने तो ९४–८१ असा जिंकला आणि महिन्याभरात न्यू ऑर्लीन्सला राष्ट्रीय उपांत्य फेरीत ८१–७७ ने त्याची कारकीर्दच संपवली. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. खेळाडूंचा हक्क म्हणून हे योग्यच आहे, पण ती रक्कम शेवटी तिकिटांतून आणि देणग्यांतून निघते, आणि अशा वेळी सर्वांत आधी विकली जाते ती पाहुण्या विद्यार्थ्याला मिळू शकली असती ती जागा.

यावर एक वाजवी आक्षेप असा की, घर हे घरासारखेच राहावे. अर्धे मैदान पाहुण्यांनी भरले तर तो तटस्थ सामना होतो, आणि असे सामने गटाच्या आणि राष्ट्रीय स्पर्धांत भरपूर आहेत. आक्षेप बरोबर आहे. कॅमेरॉनमध्ये जाण्यात मजा आहे तीच मुळी तिथे आपण मूठभर असतो म्हणून. पण मूठभर असणे वेगळे आणि मुळीच नसणे वेगळे. दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या विद्यार्थी-जागांपैकी शे-दोनशे दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांना मूळ दराने, अदलाबदलीने दिल्या तर यजमानाचा आवाज तसूभरही कमी होणार नाही. तंबूत रात्री काढणारा ड्यूकचा विद्यार्थी यावर नाक मुरडेल, आणि त्याच्या मेहनतीचा मान राखून या जागा तंबूवाल्यांच्या कोट्याबाहेरून काढाव्या लागतील, म्हणजे देणगीदारांच्या. तिथेच हा प्रस्ताव अडेल, हेही स्पष्ट आहे.

तोवर हा प्रवास तुलनेने मोकळा राहिला आहे तो महिलांच्या सामन्यांत. ड्यूकच्या मुली कॅमेरॉनमध्ये खेळतात, नॉर्थ कॅरोलिनाच्या कारमायकेल अरेनामध्ये, आणि तिथले तिकीट मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडते. मॅकलेंडनच्या कॉलेजचे आजचे मैदान त्याच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या संघाचे जुने वैर ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी विद्यापीठाशी. मधला रस्ता तासाभराचा. ए अँड टीने २०२१ मध्ये दोघांचा समाईक गट सोडला आणि वर्षभरात आणखी एक गट बदलला. आता तो सामना वेळापत्रकात आपोआप येत नाही; दोन्ही विद्यापीठांनी दरवर्षी बसून ठरवला, तरच ग्रीन्सबरोच्या गाड्या डरहॅमकडे निघतात.